क्राफ्ट बिअर एकत्र चाखण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमचा एक छोटा गट आहे. कधी एखाद्या ब्रुवरीत, कधी कुणाच्या घरी जमायचं, थोड्या थोड्या बिअर चाखायच्या आणि त्यावर मनापासून बोलायचं. नवीन कुणी आलं की प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर "बोलायचं कधी" हा प्रश्न तेवढा वाचून या. आमच्या बैठकीचा सगळा भर त्यावर आहे.

क्राफ्ट बिअर म्हणजे नेमकी कुठली?

छोट्या प्रमाणावर, चवीला पहिलं स्थान देऊन बनवलेली, आणि जिच्यामागे कुणाचा तरी ठरवून घेतलेला निर्णय आहे अशी बिअर. कुठलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), कुठले हॉप्स (कडूपणा आणि वास देणारी फुलं), कुठलं यीस्ट (बिअर आंबवणारी बुरशी), किती दिवस टाकीत ठेवायची, हे ज्याने ठरवलं तो माणूस बऱ्याचदा तिथेच भेटतो. महाराष्ट्रात ही गोष्ट २००९ साली पुण्यात सुरू झाली, डूलाली या ब्रुवरीपासून. पुढे मुंढव्यात इंडिपेंडन्स आली, डोंबिवलीत गेटवे उभी राहिली, पुण्यातच ग्रेट स्टेट एलवर्क्स आली. गोव्यात गोवा ब्रूइंग कंपनीची "एट फिंगर एडी" ही आयपीए (हॉप्सचा जोर असलेली कडवट बिअर) बाटलीबंद मिळू लागली. त्याआधी आपल्याकडे "बिअर" म्हटलं की एकच पिवळी, बर्फासारखी गार लागर डोळ्यांपुढे यायची. आता एकाच टेबलावर सहा ग्लासांत सहा वेगळे रंग असतात.

बिअर आवडते, ती पितो. त्यासाठी गट कशाला?

एकट्याने पिताना आपल्या नाकाच्या मर्यादा आपल्याला कळतच नाहीत. लोण्यासारखा वास देणारा डायअसेटिल नावाचा पदार्थ काहींना चटकन जाणवतो, काहींना कितीही असला तरी जाणवत नाही. कुणाला लवंग लगेच कळते, कुणाला केळं. चार नाकं एकत्र आली की त्या ग्लासात काय काय आहे याचा बऱ्यापैकी पूर्ण नकाशा तयार होतो. शिवाय आपलं मत दुसऱ्याला समजावून सांगायचं असेल तर आधी ते स्वतःला नीट समजावं लागतं. "आवडली" इथपर्यंत सगळेच पोहोचतात. का आवडली, हे सांगायला लागल्यावर खरी मजा सुरू होते.

किती जण, किती बिअर आणि किती मापाने?

पाच ते आठ जण. त्याहून जास्त झाले की दोन-तीन जणच बोलतात आणि बाकीचे मोबाइल काढतात. एका बैठकीत पाच किंवा सहा बिअर, प्रत्येकाला साधारण ७५ मिली. सहा बिअर म्हणजे ४५० मिली, पबमधल्या पुरत्या एका पाइंटाहूनही कमी. यात एक ३३० मिलीची बाटली चार जणांत व्यवस्थित वाटली जाते. "एवढंसंच?" असं पहिल्यांदा सगळ्यांना वाटतं. पण चौथ्या ग्लासानंतर नाक दमतं, आणि मापं मोठी असतील तर डोकंही.

आधी कुठली, नंतर कुठली?

सौम्याकडून तीव्राकडे. आधी फिकट, हलकी पिल्सनर किंवा ब्लाँड, मग गव्हाची, मग पेल एल, मग आयपीए, शेवटी स्टाउट (काळ्याभोर भाजलेल्या जवाची बिअर). आंबट बिअर असली तर ती कडू बिअरच्या आधी घ्यावी. नुसत्या रंगावरून क्रम लावू नका. काळी ड्राय स्टाउट साधारण साडेचार टक्क्यांची आणि बरीच हलकी असते, तर सोनेरी बेल्जियन ट्रिपल आठ-नऊ टक्क्यांची असते. ट्रिपलनंतर ड्राय स्टाउट ठेवली तर ती पाण्यासारखी लागेल, आणि दोष बिचाऱ्या स्टाउटला लागेल.

ग्लास कसा हवा?

स्वच्छ, बिनवासाचा, आणि वरच्या बाजूला जरासा आत वळलेला असेल तर उत्तम, म्हणजे वास तोंडाशी साठून राहतो. घरात वाइनचे ग्लास असतील तर तेच घ्या. स्टीलचा पेला नको, रंग दिसत नाही.

स्वच्छतेकडे मात्र मनापासून लक्ष द्या. भांड्याच्या साबणाचा अंश किंवा तेलाचा हात लागला तरी फेस क्षणात बसतो. ओळखायची खूण सोपी आहे: बिअर ओतल्यावर ग्लासच्या आतल्या कडेला ठिकठिकाणी बुडबुडे चिकटून राहिले, तर तिथे काहीतरी लागलेलं आहे. स्वच्छ ग्लासात घोटागणिक फेसाची जाळी कडेला राहत जाते. तेलकट भांड्यांच्या घासणीने हे ग्लास धुवू नका, वेगळा स्पंज ठेवा आणि नंतर ग्लास पालथे घालून हवेवर वाळू द्या. कपाटातून काढलेला ग्लास आधी हुंगून पाहा. लाकडाचा किंवा डांबरगोळीचा वास आला तर पुन्हा विसळा.

किती गार असावी?

नेहमी पितो त्यापेक्षा कमी गार. फ्रीजरमध्ये गोठवलेल्या मगात ओतलेली बिअर उन्हाळ्यात घशाला छान वाटते, पण जीभ बधिर झाली की चव संपली. लागर ४ ते ७ अंश, पेल एल आणि आयपीए ८ ते १२, स्टाउट १० ते १३. थर्मामीटर लागत नाही. स्टाउट फ्रीजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं टेबलावर ठेवली की पुरतं. मे महिन्यात दहा मिनिटंही पुष्कळ झाली. एकच बिअर गार असताना आणि मग जरा कोमट झाल्यावर चाखून पाहा. दोन वेगळ्या बिअर असाव्यात इतका फरक पडतो, आणि दोषही तेव्हाच वर येतात.

चाखायची नेमकी कशी?

आधी बघा. रंग, गढूळपणा, फेस किती आणि किती वेळ टिकतो. गढूळ म्हणजे वाईट असं मुळीच नाही. गव्हाची बिअर गढूळच असायला हवी, आणि आपल्याकडच्या ब्रूपबमधल्या (जिथे बनते तिथेच प्यायला मिळते अशा पबमधल्या) बऱ्याच बिअर गाळलेल्या नसतात.

मग लगेच हुंगा. सगळ्यात आधी उडून जाणारे वास पहिल्या अर्ध्या मिनिटात असतात. ग्लास हलका फिरवा आणि पुन्हा हुंगा. लांब श्वास एकदाच घेण्यापेक्षा दोन-तीन छोटे श्वास घ्या. नाक बोथट झालं असं वाटलं तर स्वतःच्या मनगटाचा किंवा शर्टाच्या बाहीचा वास घ्या, ते पुन्हा ताळ्यावर येतं.

घोट घ्या, तोंडभर फिरू द्या आणि गिळा. वाइन चाखणारे थुंकतात, बिअर चाखणारे गिळतात, कारण कडवटपणा किती आणि किती वेळ उरतो हे गिळल्यानंतरच नीट कळतं. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने हळू श्वास सोडा. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग याच वाटेने, घशामागून नाकात जाणाऱ्या वासाने कळतो. पटत नसेल तर नाक चिमटीत धरून वेलचीपूड घातलेली साखर जिभेवर ठेवा. नुसतं गोड लागेल. चिमूट सोडली की वेलची प्रकट होते. नवीन माणसाला आम्ही पहिल्या दिवशी हे करायला लावतोच.

शेवटी अंगाकडे लक्ष द्या: पातळ की दाट, बुडबुडे टोचतात की मऊ आहेत, घशात ऊब येते का, तोंड तुरट होतं का.

वास येतो, पण कशाचा ते सांगता येत नाही. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि उत्तर स्वयंपाकघरात आहे. मॉर्टेन माइलगार्ड या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बिअरच्या चवींचं एक चक्र तयार केलं. जगभरचे ब्रूअर दोषांबद्दल आणि गुणांबद्दल एकमेकांशी बोलताना त्याचा आधार घेतात. ते उपयोगाचं आहेच, पण त्यावर आधारलेल्या पुस्तकी याद्यांमध्ये अनेकदा ब्लॅककरंट, गूसबेरी असली फळं येतात. ती आपल्यातल्या अनेकांनी कधी हुंगलेलीच नसतात. मग लोक पुस्तकातला शब्द उचलतात आणि तो वास आल्याचा समज करून घेतात. तसं करू नका. तुमच्या नाकाला जे माहीत आहे तेच सांगा.

आमच्या वह्यांमध्ये काय काय येतं ते सांगते. फिकट माल्टला: ताजा पाव, खारी, तुपात भाजत आलेला रवा. गडद माल्टला: काकवी, गुळाचा पाक, करपलेली भाकरी, भाजलेल्या शेंगदाण्याचं साल. हॉप्सला: मोसंबीची साल, कैरीचा चीक, पिकलेला पेरू, पपनस, ओलं गवत, कढीपत्ता, देवदाराचं ताजं कापलेलं लाकूड. यीस्टला: वेलची केळं, लवंग, काळी मिरी, नासपती. यातलं काहीही चुकीचं नाही. एकाने आयपीएला "हिरव्या कैरीच्या देठाजवळचा वास" असं लिहिलं होतं आणि टेबलावरच्या प्रत्येकाला तो वास त्याच क्षणी सापडला.

सराव करायचा असेल तर घरातले डबे उघडून हुंगा. धणे अख्खे आणि कुटलेले, लवंग, दालचिनी, मध, चिंच, कॉफीची पूड. बाजारात गेलात की संत्र्याची साल नखाने खरवडून हुंगा, मग मोसंबीची, मग लिंबाची. तिन्हींतला फरक डोळे मिटून सांगता येऊ लागला की आयपीए चाखणं निम्मं सोपं होतं.

बोलायचं कधी?

सगळ्यांचं लिहून झाल्यावर. त्याआधी एक शब्दही नाही.

ग्लास हातात आल्यापासून पाच मिनिटं कुणीही बोलत नाही. "वा" नाही, "अंहं" नाही, भुवया उडवणं नाही. प्रत्येकाने आपापल्या कागदावर काय दिसलं, कशाचा वास आला, तोंडात काय झालं ते लिहायचं. नवीन माणसाला हे फार कडक वाटतं, पण कारण साधं आहे. कुणी एकाने "केळं" म्हटलं की पुढच्या सेकंदाला सगळ्यांना केळंच लागायला लागतं. ते खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच लागतं. वास ही इतकी सूचनेला बळी पडणारी गोष्ट आहे की एकदा शब्द कानावर पडला की स्वतःचं नाक परत मिळत नाही. ज्याला पहिल्यांदा हुंगताना लवंग आली होती, त्याची लवंग त्या गलक्यात हरवते, आणि ती कदाचित टेबलावरची सगळ्यात मोलाची नोंद असते.

नंतर वाचायचा क्रमही ठरलेला आहे. सगळ्यात नवा माणूस आधी, सगळ्यात अनुभवी शेवटी. आमच्यातले एक काका चाळीस-एक वर्षं बिअर पीत आहेत आणि भारताबाहेरही पुष्कळ ठिकाणी प्यायले आहेत. ते पहिले बोलले तर बाकीचे माना डोलावतील, हे त्यांनाही ठाऊक आहे. म्हणून तेच हट्टाने शेवटी बोलतात.

तिसरा नियम असा की आधी वर्णन, मग निकाल. एकदा एका स्टाउटला तिघांनी तीन गोष्टी लिहिल्या: "करपलेली भाकरी", "कडक एस्प्रेसो", "ओली राख". तिघंही एकाच गोष्टीबद्दल बोलत होते, काळंभोर भाजलेल्या जवाबद्दल. ज्याला राख वाटली त्याला बिअर आवडली नव्हती, ज्याला एस्प्रेसो वाटली त्याला ती फार आवडली होती. निकालापासून सुरुवात झाली असती तर "छान आहे", "कसली छान" एवढ्यावर संपलं असतं. वर्णनापासून सुरू झाल्यामुळे अर्धा तास चर्चा रंगली: भाजणी जास्त झाली आहे का, की माल्टचा गोडवा कमी पडल्यामुळे तीच भाजणी उघडी पडली? दुसऱ्या घोटात राखवाल्यालाही थोडी कॉफी सापडली, आणि एस्प्रेसोवालीने शेवटी जिभेवर राहणारा राखेचा खरखरीतपणा मान्य केला.

गुण द्यावेत का?

द्यावेत, पण त्यांच्यावर भांडू नये. अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेल्या बीजेसीपी या परीक्षक संस्थेची पत्रिका ५० गुणांची आहे: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०. दिसण्याला फक्त ३ गुण आहेत हे मला फार पटतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या पत्रिकेत बिअर आपल्या शैलीला किती धरून आहे हे तपासलं जातं, तुम्हाला आवडली का हे नाही. उत्तम बनवलेली गोझं (मीठ-धणे घातलेली आंबट जर्मन बिअर) मला प्यायला फारशी आवडत नाही, तरी मी तिला ४० देते. आपण परीक्षक नसल्यामुळे शेवटी एक स्वतंत्र ओळ लिहावी: "पुन्हा पैसे देऊन घेईन का?" आमच्या वह्यांमध्ये सगळ्यात प्रामाणिक उत्तर त्या ओळीत असतं.

ही बिअर खराब आहे की तिची चवच अशी असते?

यावर सर्वांत जास्त वाद होतात. केळं आणि लवंग हेफेवाइत्सनमध्ये, म्हणजे जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये, हवीतच. ती त्या यीस्टची देणगी आहे, बिअरमध्ये कुणी फळ किंवा मसाला घातलेला नसतो. तेच केळं पिल्सनरमध्ये ठसठशीत आलं तर बहुधा आंबण्याचं तापमान वर गेलं असावं. म्हणजे दोष ठरतो तो शैली पाहून. आंबटपणा गोझंमध्ये हवा, पेल एलमध्ये नको.

काही वास मात्र जवळपास कुठेच नको असतात आणि ते ओळखता आले पाहिजेत.

लोणी, किंवा सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचा वास म्हणजे डायअसेटिल. आंबताना यीस्ट ते तयार करतं आणि पुरेसा वेळ दिला तर परत शोषूनही घेतं. लागर शेवटी दोन-तीन दिवस जरा उबदार ठेवतात ते यासाठीच. घाई केली की लोणी उरतं. ब्रुवरीतल्या बिअरच्या नळाच्या नळ्या अस्वच्छ असतील तरीही येतं, म्हणून त्या दर दोन आठवड्यांनी धुवाव्यात असा शिरस्ता आहे.

उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास फिकट माल्टमधून येतो. जोमदार उकळीत तो वाफेबरोबर निघून जातो. उकळी मंद राहिली किंवा नंतर गार करायला उशीर झाला की राहतो.

हिरव्या सफरचंदाचा कच्चा वास म्हणजे बिअर अजून तयार व्हायची होती.

ओला पुठ्ठा, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा: बिअरला हवा लागली आहे आणि ती उष्णतेत राहिली आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाटलीबंद बिअरचा हा सगळ्यात मोठा शत्रू. आयपीएच्या बाबतीत पुठ्ठा येण्याच्या आधीच हॉप्सचा वास गेलेला असतो आणि नुसता कडूपणा उरतो. म्हणून दुकानात बाटलीवरची तारीख बघा, आणि उन्हाच्या खिडकीत मांडलेली बाटली घेऊ नका.

शेवटचा दोष घरी पाच रुपयेही जास्त खर्च न करता शिकता येतो. हिरव्या बाटलीतली लागर दोन पारदर्शक ग्लासांत ओता. एक ग्लास कपाटात ठेवा, दुसरा दुपारच्या उन्हात दहा-पंधरा मिनिटं. मग दोन्ही हुंगा. उन्हातल्या ग्लासाला उग्र, रबरी वास येईल. प्रकाशामुळे हॉप्समधल्या कडू घटकांचं रूपांतर गंधकयुक्त पदार्थात होतं आणि तो अगदी कणभर असला तरी नाकाला कळतो. तपकिरी बाटली हा प्रकाश बराच अडवते, हिरवी फार थोडा, पारदर्शक जवळजवळ नाहीच.

मला कडू आवडत नाही. मी या गटात बसेन का?

नक्की. हेफेवाइत्सनचा कडूपणा साधारण ८ ते १५ आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक) असतो, आयपीएचा ४० ते ७०. आधी गव्हाच्या आणि बेल्जियन विट (हीही गव्हाचीच) बिअरपासून सुरू करा. आणि आकड्यावर फार जाऊ नका. गोड माल्ट भरपूर असलेली ४० आयबीयूची बिअर गोलसर लागते, कोरडी पातळ बिअर ३० लाही बोचते. कारलं, मेथी आणि बिनसाखरेची कॉफी आवडीने खाणारी-पिणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. कडूची गोडी सवयीने लागते, पण तिची घाई करायची गरज नाही.

आंबा, कोकम, ज्वारी घातलेल्या बिअरमध्ये खरंच काही असतं, की नुसती जाहिरात?

काहींत खूप काही असतं. हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

लोक जर्मनीतल्या बव्हेरियाच्या १५१६ च्या नियमाचा दाखला देतात: पाणी, जव आणि हॉप्स, बाकी काही नाही. पण शेजारच्या बेल्जियममध्ये विट बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल पिढ्यान्‌पिढ्या घालत आले. ती शैली बंद पडली होती, तिला होगार्डन गावात पियर सेलिस यांनी १९६० च्या दशकात पुन्हा उभं केलं. जर्मनीतच लाइपझिगच्या गोझंमध्ये मीठ आणि धणे असतात. मीठ, धणे आणि आंबटपणा एकत्र येतात हे ऐकून कोकणातल्या माणसाला कोकम आठवणारच. कोकम घातलेली गोझं नीट जमली तर ती उसनी वाटत नाही, इथलीच वाटते.

आंब्याचं मात्र वेगळं आहे. लोक आमरसाचा गोडवा शोधतात आणि "आंबा कुठंय?" म्हणून नाराज होतात. आंब्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं, मग गोडवा कसा राहणार? उरतो तो वास. आणि आंबण्याचा जोर असताना रस घातला तर बाहेर पडणाऱ्या वायूबरोबर तोही उडून जातो. म्हणून जाणते ब्रूअर जोर ओसरल्यावर रस घालतात. चांगल्या आंबा बिअरला हापूसच्या सालीजवळचा, किंचित राळेसारखा वास येतो आणि चव कोरडी असते. भडक गोड लागली तर आंबण्यानंतर काहीतरी मिसळलं आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

ज्वारीचं काम आणखी अवघड. ज्वारीतलं पिठूळ जवापेक्षा जास्त तापमानाला फुलतं, त्यामुळे ती आधी वेगळी शिजवून मगच मुख्य घाण्यात मिसळावी लागते. एवढे कष्ट कुणी घेतले असतील तर त्या बिअरला शांतपणे, पूर्ण लक्ष देऊन चाखणं हे आपलं कर्तव्य आहे असं मला वाटतं. कौतुक करायलाच हवं असं नाही. लक्ष मात्र द्यायलाच हवं.

बिअर आवडली नाही, तर ब्रूअरला कसं सांगायचं?

त्याला उपयोग होईल असं. "तुमची आयपीए बिघडलीय" यातून त्याला काहीच कळत नाही. "मागच्या महिन्यात हिला मोसंबीचा वास होता, आज नाही, आणि शेवटी जीभ तुरट होतेय" यातून तो थेट हॉप्सच्या खेपेकडे जाऊ शकतो. ग्लासातच शंका असेल तर वाढणाऱ्या दादांना आधी दुसऱ्या ग्लासात थोडी मागा. दोन्हींत तसंच असेल तर विचारा, "ब्रूअर आहेत का, दोन मिनिटं बोलायचं होतं." शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात कधीही नाही. आवडलेली बिअरही सांगावी, तितक्याच बारकाईने. तक्रारीच्या वेळी तपशील आणि कौतुकाच्या वेळी नुसतं "मस्त", हा अन्याय आहे.

डोळे बांधून किंवा नाव झाकून चाखण्यात अर्थ आहे का?

वर्षातून दोन-चार वेळा जरूर करावं. बोर्दोमध्ये वाइनच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. २००१ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग गाजलेला आहे. शिकलेल्या नाकांनाही डोळे आणि लेबल फसवतात. सोपा खेळ म्हणजे त्रिकोण चाचणी: तीन ग्लास, त्यांतल्या दोघांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. वेगळी ओळखायची. दोन लागर घेऊन करून पाहा, वाटतं त्याहून खूप कठीण आहे.

सोबत खायला काय ठेवावं?

चाखताना साधा पाव, बिनमसाल्याचे कुरमुरे आणि पाणी. चकली, शेव, मसाला शेंगदाणे नंतर. तिखट, तेल आणि मीठ जिभेवर बसलं की पुढच्या तीन बिअरचं खरं काही कळत नाही.

चाखणं झाल्यावर मग जेवण. तिखट मटणासोबत कडक आयपीए घेतली की तिखट आणखी भडकतं, त्यापेक्षा माल्टकडे झुकलेली अंबर एल चांगली. रवा लावून तळलेल्या बोंबलाबरोबर विट बिअर. गुळाच्या पोळीबरोबर डुंकेल (गडद जर्मन लागर) एकदा घेऊन पाहाच, गूळ आणि भाजलेलं माल्ट एकमेकांना ओळखतात.

दारू न पिणारी व्यक्ती येऊ शकते का?

हो. आमच्याकडे एक मैत्रीण फक्त हुंगते आणि लिहिते. तिच्या वासाच्या नोंदी बऱ्याचदा सगळ्यांत नेमक्या असतात. तिला कुणीही "एक घोट घे ना" म्हणायचं नाही.

वय, परवाना आणि घरी जाण्याचं काय?

महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी किमान वय २१ आणि कडक मद्यासाठी २५ आहे, आणि पिण्यासाठी परवाना लागतो. आम्ही २५ च्या आतल्या कुणाला घेत नाही, म्हणजे प्रश्नच उरत नाही. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तिकडे जाताना सोबत बाटल्या नेऊ नका. बिनपरवाना घरी बिअर बनवणं बेकायदा आहे, तशी बिअर आमच्या टेबलावर येत नाही. गाडी चालवणाऱ्यासाठी रक्ताच्या १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे. आमची मर्यादा शून्य आहे: जो प्यायला तो रिक्षाने किंवा कॅबने जातो.

मी पुण्यात नाही. लांबून सहभागी होता येईल का?

येईल. आमचे दोघं बंगळूरला आणि एक जण म्युनिकला असतो. सगळ्यांना तीच बिअर मिळणं अशक्य, म्हणून आम्ही शैली ठरवतो. मागे हेफेवाइत्सन घेतली होती. म्युनिकवाल्याने तिथली बाटली घेतली, बंगळूरच्यांनी त्यांच्या ब्रूपबमधली, आम्ही इथली. पाच मिनिटं पडद्यावर सगळे गप्प, फक्त पेनांची खरखर, मग नव्यापासून वाचन. म्युनिकच्या बिअरमध्ये लवंग पुढे होती, आमच्यात केळं. यीस्ट वेगळं की आंबण्याचं तापमान वेगळं, यावर तो दिवस संपला. पुढची शैली ड्राय स्टाउट ठरली आहे. यायचं असेल तर तुमच्या गावात मिळणारी घ्या, बाटलीवरची तारीख आधी कळवा आणि कागद-पेन घेऊन बसा.